दैनंदिन इंग्रजीतील शांततेचे अर्थ आणि उपयोग : ग्रामीण मराठी विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

भाषेचा अभ्यास म्हणजे बोलल्या व लिहिल्या जाणाऱ्या शब्दांचा अभ्यास, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. त्यामुळे वर्णविचार, शब्दसंग्रह, व्याकरण आणि उच्चार यांना अभ्यासक्रमात स्थान मिळते. मात्र दोन शब्दांच्या किंवा दोन वक्त्यांच्या मधील शांततेला ते मिळत नाही. वास्तविक प्रत्येक भाषिक समाजात कोठे बोलावे याचे जसे संकेत असतात, तसेच कोठे, किती वेळ आणि कोणासमोर गप्प राहावे याचेही संकेत असतात. हे संकेत कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेले नसतात. मातृभाषेचे संकेत आपण नकळत आत्मसात करतो आणि परकी भाषा बोलतानाही तेच वापरत राहतो.

धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकांना हा प्रश्न रोज भेटतो. कळंब, परंडा, भूम, उमरगा, लोहारा अशा तालुक्यांतील खेड्यांमधून येणारा विद्यार्थी लेखी परीक्षेत समाधानकारक उत्तरे लिहितो, पण तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत तोच विद्यार्थी गप्प बसतो. परीक्षक त्या गप्प बसण्याचा अर्थ 'याला काही येत नाही' असा लावतो आणि तशी नोंद करतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र त्याच शांततेचा अर्थ पुष्कळदा वेगळा असतो. दैनंदिन इंग्रजीत शांतता कोणकोणती कार्ये करते, मराठी समाजातील शांततेपेक्षा ती कोठे वेगळी पडते आणि अध्यापनाच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शांतता, मौन, मूकता : शब्दांचा विचार

इंग्रजीत 'सायलेन्स' हा एक शब्द अनेक अवस्थांसाठी वापरला जातो. मराठीत त्याच अवस्थांची स्वतंत्र नावे आहेत. आवाजाचा अभाव म्हणजे शांतता, स्वेच्छेने न बोलणे म्हणजे मौन, बोलता न येणे किंवा बोलू न दिले जाणे म्हणजे मूकता, रागाने न बोलणे म्हणजे अबोला, आदराने निश्चल उभे राहणे म्हणजे स्तब्धता आणि माणसांच्या अनुपस्थितीमुळे येणारी शांतता म्हणजे शुकशुकाट. मूग गिळून बसणे, ब्र न काढणे, दातखीळ बसणे, वाचा बसणे, चिडीचूप होणे, अळीमिळी गुपचिळी हे वाक्प्रचार पाहिले, तर न बोलण्यामागील भीती, स्वार्थ, धक्का, संगनमत अशी निरनिराळी कारणे मराठीने किती बारकाईने वेगळी केली आहेत, हे लक्षात येते.

इंग्रजी हा भेद मुख्यतः क्रियापदांच्या व विशेषणांच्या साहाय्याने करते. शांतता 'राखली' जाते, 'मोडली' जाते, एखाद्यावर ती 'लादली' जाते. ती अवघडलेली असते, आदरयुक्त असते, किंवा अर्थपूर्ण असते. रुसलेल्या माणसाच्या अबोल्यासाठी इंग्रजीत 'सायलेंट ट्रीटमेंट' असा शब्दप्रयोग आहे. यात अबोला ही दुसऱ्याला दिलेली वागणूक, जवळजवळ शिक्षाच ठरते. मराठीतील अबोला 'धरला' जातो, म्हणजे तो धरणाऱ्याची ती अवस्था असते. समोरच्याने समजूत काढावी ही अपेक्षा त्यात अंतर्भूत असते.

या शब्दांना सामाजिक इतिहासही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्या नावातील मूक हे मौनव्रती नव्हते. त्यांचा आवाज समाजव्यवस्थेने काढून घेतलेला होता. याउलट २०१६ साली ऑगस्ट महिन्यापासून मराठवाड्यासह महाराष्ट्रभर निघालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चांत, ज्यांतील एक मोर्चा तत्कालीन उस्मानाबाद शहरातही निघाला, लाखोंच्या जनसमुदायाने घोषणा न देण्याचा मार्ग स्वतः निवडला होता. शब्द एकच, परंतु एके ठिकाणी मूकता हे वंचितपणाचे लक्षण आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती मागणी मांडण्याची पद्धत आहे. शांततेचा अर्थ ती कोणी, कोणापुढे आणि कोणत्या परिस्थितीत धारण केली यावरून ठरतो, हे मूळ सूत्र येथे स्पष्ट होते. हेच सूत्र पुढे वर्गातील विद्यार्थ्यालाही लागू पडणार आहे.

संभाषणातील विरामाचे गणित

हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अभ्यासकांनी १९७४ साली संभाषणातील पाळीव्यवस्थेविषयी एक पायाभूत लेख प्रसिद्ध केला. संभाषणात एका वेळी साधारणतः एकच जण बोलतो आणि पाळी एकाकडून दुसऱ्याकडे ठरावीक संकेतांनी जाते, असे त्यांनी दाखविले. या मांडणीनुसार संभाषणातील सर्व शांतता सारख्या नसतात. बोलणाऱ्याने आपल्याच बोलण्यात घेतलेली विश्रांती हा विराम. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतची जागा ही फट. कोणीच पाळी न घेतल्याने संभाषण थांबते, तो खंड. या तिन्हींखेरीज एक चौथा प्रकार महत्त्वाचा आहे. विशिष्ट व्यक्तीला प्रश्न विचारल्यानंतर जी शांतता येते, ती 'त्या व्यक्तीची' शांतता मानली जाते. ती कोणाच्या खात्यावर मांडावयाची हे प्रश्नानेच ठरविलेले असते.

२००९ साली टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगातील दहा भाषांमधील प्रश्नोत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी होती, भारतीय भाषा मात्र नव्हती. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा सरासरी काळ सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा हिस्सा आढळला. भाषाभाषांमधील फरक होते, पण ते सेकंदाच्या अंशांतील होते. याचा अर्थ असा की, ओघवत्या संभाषणात एक सेकंदाची शांतताही श्रोत्याला जाणवते आणि तो तिचा अर्थ लावू लागतो. जो विद्यार्थी प्रश्न ऐकतो, मनातल्या मनात त्याचे मराठी करतो, मराठीत उत्तर जुळवितो आणि पुन्हा त्याचे इंग्रजी करतो, त्याला या मापात उत्तर देणे शक्यच नसते.

या विरामाला इंग्रजीत आणखी एक अर्थ आहे. आमंत्रण, विनंती किंवा मत यांना होकार द्यावयाचा असेल, तर तो झटकन दिला जातो. नकार किंवा मतभेद असेल, तर आधी किंचित शांतता, मग 'वेल' सारखा शब्द, मग कारण आणि शेवटी सौम्य नकार असा क्रम दिसतो. अनिता पॉमेरन्ट्झ यांनी १९८४ साली सहमती व असहमतीच्या अभ्यासात ही रचना विशद केली. त्यामुळे "उद्या संध्याकाळी येणार का?" असे इंग्रजीत विचारल्यावर समोरचा क्षणभर थांबला, तर विचारणारा स्वतःच "म्हणजे, अडचण असेल तर राहू द्या" असे म्हणून टाकतो. नकार शब्दांत येण्यापूर्वीच शांततेने पोहोचलेला असतो. मराठी विद्यार्थी आदराने किंवा विचार करण्यासाठी थांबला, तरी इंग्रजी कानाला ती नकाराची किंवा नाराजीची चाहूल वाटू शकते.

दैनंदिन इंग्रजीतील शांततेची कार्ये

पहिले कार्य सूचित अर्थाचे आहे. पॉल ग्राइस यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार संभाषणात प्रत्येकाने आवश्यक तेवढी माहिती द्यावी अशी परस्परांची अपेक्षा असते. ती अपेक्षा उघडपणे पूर्ण केली नाही, तर श्रोता त्यातून वेगळा अर्थ काढतो. एखाद्या उमेदवाराच्या शिफारसपत्रात त्याची हजेरी व हस्ताक्षर यांची स्तुती केली आणि विषयज्ञानाबद्दल काहीच लिहिले नाही, तर ते मौन प्रतिकूल अभिप्रायच ठरते.

दुसरे कार्य परस्परसंबंधाचे आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली केवळ संबंध जुळविण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले. अशा बोलण्यातील आशय दुय्यम असतो, शांतता मोडणे हाच त्याचा हेतू असतो. इंग्रज समाजातील हवामानाच्या गप्पा याच जातीच्या होत. आभार मानणे, क्षमा मागणे, दार धरून ठेवल्याबद्दल दोन शब्द बोलणे या जागा इंग्रजीत रिकाम्या ठेवता येत नाहीत. मराठी घरात आईने भाकरी वाढल्यावर कोणी 'धन्यवाद' म्हणत नाही. म्हटले तर परकेपणा वाटतो. तेथील शांतता आपलेपणाची असते. इंग्रजीत त्याच जागी गप्प राहणारा उद्धट ठरण्याची शक्यता असते. 'थँक यू' याला द्यावयाच्या ठरीव प्रत्युत्तराबाबतही हेच घडते. आपण मान हलवितो, हसतो आणि ते पुरेसे समजतो.

तिसरे कार्य आदर व शोक यांचे आहे. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटनमध्ये प्रथम दोन मिनिटांची शांतता पाळण्यात आली आणि ती प्रथा जगभर गेली. आपल्याकडे ३० जानेवारी रोजी हुतात्म्यांसाठी सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. सार्वजनिक शोकात दोन्ही भाषा अशा प्रकारे एकत्र येतात. खाजगी शोकात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. इंग्रजीत भेटणाऱ्याने सांत्वनाचे निदान एक वाक्य उच्चारणे अपेक्षित असते. आपल्या खेड्यांत मयताच्या घरी माणसे जाऊन बसतात. पुष्कळ वेळ कोणी बोलत नाही आणि ते बसणे हेच सांत्वन असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. त्या आघातापुढे शब्द किती अपुरे पडतात, हे या भागास सांगावयास नको.

चौथे कार्य सत्तेचे आहे. न्यायालयात, वर्गात, सभेत शांततेची आज्ञा देण्याचा अधिकार एका पक्षाकडे असतो. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात लीला बेणारे या शिक्षिकेवर अभिरूप खटला चालतो. शांततेची आज्ञा वरकरणी शिस्तीसाठी असते, प्रत्यक्षात ती एका स्त्रीचा आवाज बंद करण्याचे साधन बनते. शेवटी ती दीर्घ मनोगत बोलते, पण रंगमंचावरील इतर पात्रांपर्यंत ते पोहोचत नाही. हॅरॉल्ड पिंटरच्या 'द केअरटेकर' (१९६०) सारख्या नाटकांत 'पॉज' आणि 'सायलेन्स' अशा स्वतंत्र रंगसूचना येतात. पात्रांमधील वर्चस्वाची ओढाताण संवादांइतकीच या रिकाम्या जागांत घडत असते.

मौन, संमती आणि कायदा

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण सहज उच्चारतो. युरोपातही याच अर्थाचे लॅटिन सूत्र प्रचलित होते. इंग्लंडच्या राजाला धर्मप्रमुख मानण्याच्या प्रश्नावर सर थॉमस मोर गप्प राहिले आणि १५३५ साली त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांनी याच सूत्राचा आधार घेतला. मौनाचा अर्थ लावायचाच असेल तर तो संमती असा लावला पाहिजे, विरोध असा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला नाही आणि त्यांना प्राणदंड झाला. सत्तेने त्यांच्या मौनाचा तिला हवा तो अर्थ लावला.

आधुनिक कायदा याबाबत अधिक सावध आहे. 'फेल्टहाउस विरुद्ध बिंडली' (१८६२) या इंग्लंडमधील खटल्यात प्रस्तावावरील मौन म्हणजे स्वीकृती नव्हे असे ठरले. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ च्या स्पष्टीकरणानुसार केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. मात्र बोलणे हे कर्तव्य असेल किंवा ते मौन बोलण्याच्याच तोडीचे असेल, तर गोष्ट वेगळी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. बिजो इमॅन्युएल प्रकरणात (१९८६) राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून न गाणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. त्या मुलांचे मौन हा अनादर नव्हता, हे न्यायालयाने ओळखले.

या चर्चेचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. लग्नाच्या बोलणीत मुलगी खाली मान घालून गप्प बसली, की तिची हरकत नाही असे मानण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने लैंगिक अत्याचाराच्या संदर्भात संमती म्हणजे शब्द, हावभाव किंवा अन्य प्रकारे व्यक्त झालेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची सहमती अशी व्याख्या केली. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही, त्याच्या मौनाला होकार म्हणता येत नाही, हा विचार कुटुंबात आणि महाविद्यालयातही रुजणे आवश्यक आहे.

वर्गातील शांतता : मराठी संकेत आणि इंग्रजी अपेक्षा

'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आपल्या प्राथमिक शिक्षणातील जुनी आज्ञा आहे. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, वडीलधाऱ्यांपुढे तोंड वर करून बोलू नये, गुरुजींना उलट विचारू नये, हे संस्कार घरात आणि शाळेत एकाच वेळी होतात. मुलींच्या बाबतीत ते अधिक कडक असतात. बारा-पंधरा वर्षे ज्या शांततेबद्दल शाबासकी मिळाली, तीच शांतता महाविद्यालयातील गटचर्चेत आणि मुलाखतीत अवगुण ठरते. नियम बदलल्याचे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते.

त्यात भाषिक इतिहासाची भर आहे. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि उच्च शिक्षणासाठी १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी घरातील मुलाने शिक्षणासाठी परक्या भाषेपुढे अवघडून उभे राहणे येथे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय २००० साली सुरू झाला. त्यामुळे वाचन-लेखनाचा पाया काही प्रमाणात लवकर घातला गेला, परंतु इंग्रजीत बोलण्याची संधी वर्गाबाहेर आजही क्वचितच मिळते. उमरग्याच्या बाजूला मराठीबरोबर कन्नड आणि जिल्हाभर दखनी उर्दू कानावर पडते. हा विद्यार्थी मुका नाही. तो दोन-तीन भाषांत सहज वावरतो. केवळ एका भाषेत, एका प्रकारच्या श्रोत्यापुढे तो गप्प होतो.

त्याच्या या शांततेचे किमान पाच अर्थ संभवतात : उत्तर माहीत नाही, प्रश्न समजला नाही, उत्तर माहीत आहे पण वाक्य जुळत आहे, चूक झाली तर हसे होईल ही भीती आहे, आणि वरिष्ठांपुढे लगेच बोलणे त्याला उद्धटपणाचे वाटते. परीक्षकाच्या गुणपत्रिकेत यांपैकी फक्त पहिल्या अर्थाला जागा असते. शिवाय आपण 'च्' असा आवाज करून नाही म्हणतो, किंवा मान डोलावून होकार देतो. अशी निःशब्द उत्तरे इंग्रजी पद्धतीने मुलाखत घेणाऱ्याला उत्तरच वाटत नाहीत. कीथ बासो यांनी १९७० साली अमेरिकेतील पश्चिम अपाची समाजाविषयी लिहिताना दाखविले आहे की, संबंध अनिश्चित असलेल्या प्रसंगी तेथे गप्प राहणे हेच उचित मानले जाते. अनोळखी परीक्षकापुढे उभ्या असलेल्या आपल्या विद्यार्थ्याची स्थिती समजून घेण्यास हे निरीक्षण उपयुक्त आहे.

अध्यापनाच्या दिशा

पहिला उपाय शिक्षकाच्या हाती आहे, आणि तो म्हणजे थांबणे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील वर्गांचे निरीक्षण केले. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी केवळ एक सेकंद थांबतात आणि लगेच पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवितात किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकतात, असे त्यांना आढळले. हा काळ तीन सेकंद किंवा अधिक केला, तेव्हा उत्तरे दीर्घ झाली, निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले आणि अधिक विद्यार्थी बोलू लागले. मातृभाषेत शिकणाऱ्या मुलांना तीन सेकंद लागत असतील, तर परभाषेत उत्तर देणाऱ्याला त्याहून अधिक अवधी देणे हे न्याय्यच ठरते.

दुसरा उपाय शांतता भरून काढण्याची साधने शिकविण्याचा आहे. मराठीत आपण 'म्हणजे', 'ते आपलं', 'असं बघा' या शब्दांनी आपली पाळी राखून ठेवतो. इंग्रजीत हेच काम 'वेल', 'लेट मी थिंक', 'आय मीन' यांसारखे शब्दप्रयोग करतात. त्याचप्रमाणे प्रश्न समजला नसल्यास तो पुन्हा सांगण्याची नम्र विनंती, आणि दुसरा बोलत असताना आपले 'हं', 'बरं' असते तसे इंग्रजी हुंकार, यांचाही सराव हवा. दहा-बारा शब्दप्रयोगांनी विद्यार्थ्याची शांतता 'अज्ञान' या रकान्यातून 'विचार चालू आहे' या रकान्यात जाते. क्रियापदाची रूपे पाठ करून घेण्यासाठी आपण जितका वेळ देतो, त्याच्या अल्पांशाने हे साध्य होऊ शकते.

तिसरा उपाय मूल्यमापनाचा आहे. तोंडी परीक्षेत प्रश्नानंतर ठरावीक अवधी देणे, प्रश्न दुसऱ्या शब्दांत मांडणे आणि जोडीने बोलण्याची संधी देणे, एवढे बदल विभागाच्या पातळीवरही करता येतात. त्याचबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला वाचाळ करणे हे ध्येय नसावे, हेही नमूद केले पाहिजे. लक्षपूर्वक ऐकणाऱ्याचे मौन हा सहभागच असतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये दोन मुली भरभरून बोलतात आणि जिचे प्रेम खरे ती कॉर्डेलिया पुरेसे बोलत नाही. राजा तिच्या मितभाषीपणाचा चुकीचा अर्थ लावतो आणि सर्वस्व गमावतो. हे नाटक वर्गात शिकविणाऱ्या आपण समोर बसलेल्या कॉर्डेलिया ओळखल्या पाहिजेत.

निष्कर्ष

१. शांतता हा भाषेचा अभाव नसून भाषिक व्यवहाराचाच घटक आहे. तिचा अर्थ व्यक्ती, प्रसंग व सत्तासंबंध यांवरून ठरतो.

२. दैनंदिन इंग्रजीत आभार, सांत्वन, अभिवादन आणि प्रश्नोत्तर या जागी शब्दांची अपेक्षा असते. मराठीत यांपैकी अनेक जागी मौन स्वाभाविक, प्रसंगी अधिक सभ्य मानले जाते.

३. मौनाला संमती किंवा अज्ञान समजणे हे बहुधा बलवान पक्षाच्या सोयीचे असते. मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी बोलण्याची मोकळीक होती काय, हे पाहणे आवश्यक आहे.

४. ग्रामीण मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी वर्गातील शांततेचे अनेक अर्थ संभवतात. शिक्षकाने पुरेसा वेळ थांबणे आणि पाळी राखण्याचे शब्दप्रयोग शिकविणे हे त्यावरील सुलभ व बिनखर्चाचे उपाय आहेत.

५. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात संभाषणकौशल्याबरोबर शांततेच्या संकेतांचाही समावेश व्हावा. विद्यार्थ्याने आपले मौन सोडून द्यावे असा त्याचा हेतू नाही. कोणत्या भाषेत, कोणत्या प्रसंगी आपल्या मौनाचा काय अर्थ लावला जाईल हे त्याला ठाऊक असावे आणि निवड त्याच्या हाती राहावी, एवढीच अपेक्षा आहे.